शिवभक्त मालोजीराजे : वेरूळ, शिखर शिंगणापूर आणि इंदापूर

माघ वद्य चतुर्दशी. आज घरोघरी देव्हाऱ्यातील पिंडीवर अभिषेकाची धार लागलेली असेल, परडीत बेलाची पाने असतील, आणि स्वयंपाकघरात भगर व रताळी शिजत असतील. नीरेच्या खोऱ्यातील माणसे आज करंजे येथील सोमेश्वराची वाट धरतात. ज्यांना शक्य आहे ती शिखर शिंगणापूरचा डोंगर चढतात, आणि ज्यांचे भाग्य थोर ती वेरूळास घृष्णेश्वराच्या दर्शनाला जातात. या पवित्र दिवशी शिवकथा तर सर्वत्र सांगितल्या जातीलच. आम्ही मात्र आज वाचकांपुढे एका शिवभक्ताचे चरित्र ठेवीत आहोत. शिवछत्रपतींचे आजोबा म्हणून त्याचे नाव सर्वांना ठाऊक आहे. परंतु नातवाच्या तेजात आजोबा असे काही झाकले गेले आहेत की इतिहासाच्या शालेय पुस्तकात त्यांची दीड ओळीत बोळवण होते. ते शिवभक्त म्हणजे श्रीमंत मालोजीराजे भोसले.

या चरित्राचा आरंभ आम्ही वडगाव निंबाळकर या गावापासून करतो. बारामतीहून नीरेकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव. नीरा डाव्या कालव्याचे पाणी आल्यापासून हा सारा टापू उसाने हिरवागार झाला आहे. गावाच्या नावातच निंबाळकरांचे नाव गुंफलेले आहे. दक्षिणेस नीरा वाहते आणि तिच्या पैलतीरी फलटण प्रांत सुरू होतो. फलटणचे नाईक निंबाळकर हे महाराष्ट्रातील अत्यंत जुने व मातबर घराणे. याच घराण्यातील कन्या उमाबाई, ज्यांना दीपाबाई असेही म्हणतात, मालोजीराजांची धर्मपत्नी होत. म्हणजे शहाजीराजांचे आजोळ नीरेच्या पलीकडे. पुढे इ.स. १६४० मध्ये शिवाजीमहाराजांचा पहिला विवाह झाला तो याच निंबाळकरांच्या सईबाईंशी, आणि महाराजांची कन्या सखूबाई दिली गेली तीही याच घरात. भोसले व निंबाळकर यांची ही सोयरीक तीन पिढ्या टिकली. तिचा पहिला धागा मालोजीराजांच्या लग्नात विणला गेला.

याच नीरेकाठी, वडगावापासून फार दूर नाही असे, होळ नावाचे गाव आहे. होळकरांना त्यांचे आडनाव दिले ते या गावाने. या गावाची आठवण पुढे पुन्हा काढावी लागणार आहे, म्हणून वाचकांनी ते नाव ध्यानात ठेवावे.

मालोजी हे बाबाजी भोसले यांचे ज्येष्ठ पुत्र. विठोजी हे धाकटे. बाबाजींकडे वेरूळची पाटिलकी होती, आणि भीमेच्या काठच्या हिंगणी, बेरडी व देऊळगाव या गावांशीही या घराण्याचा पाटिलकीचा संबंध परंपरेने सांगितला जातो. वेरूळ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कैलास लेणे उभे राहते. अखंड कातळातून कोरून काढलेल्या त्या शिवमंदिराच्या सावलीत हे दोघे बंधू वाढले. कैलास लेण्यापासून थोड्या अंतरावर घृष्णेश्वर, बारा ज्योतिर्लिंगांपैकी शेवटचे म्हणून ज्याचा उच्चार होतो ते स्थान. परंतु मालोजींच्या बालपणी तेथे आजच्यासारखे भव्य मंदिर उभे नव्हते. देवगिरीचे यादव लयास जाऊन सुमारे अडीचशे वर्षे लोटली होती. देवगिरीचे दौलताबाद झाले होते, आणि तो किल्ला वेरूळपासून हाकेच्या अंतरावर म्हणावा इतका जवळ. एका बाजूस देवाचे पडके घर आणि दुसऱ्या बाजूस परक्या सत्तेचा अजिंक्य दुर्ग. शेतावर जाता येता या मुलांना दोन्ही दिसत असणार.

दोघे बंधू तरुणपणी शस्त्र हाती घेऊन चाकरीस लागले. बखरींत त्यांच्या चाकरीचा आरंभ कोठे सिंदखेडच्या लखुजी जाधवरावांकडे, तर कोठे फलटणच्या निंबाळकरांकडे सांगितला आहे. अखेर ते अहमदनगरच्या निजामशाहीत सरदार झाले यात मात्र मतभेद नाही. त्या काळी मराठा तरुणाला पराक्रम दाखवावयाचा तर तो कोणत्या तरी शाहीच्या झेंड्याखालीच दाखवावा लागे. त्याबद्दल आज त्यांस बोल लावणे आम्हास उचित वाटत नाही. स्वतःचा झेंडा उभारण्याची कल्पना जन्मास यावयास अजून दोन पिढ्यांचा अवकाश होता.

त्यांच्या उत्कर्षाची कथा बखरकार मोठ्या भक्तिभावाने सांगतात. वेरूळच्या शेतात राबत असता मालोजींस देवीचा दृष्टांत झाला, तिने भूमिगत धन दाखविले आणि या वंशात थोर पुरुष जन्मास येईल असा वर दिला. दोघा बंधूंनी ते धन काढले आणि श्रीगोंद्याच्या शेषो नाईक पुंडे या विश्वासू सावकाराकडे ठेवले. त्यातून घोडी विकत घेतली, स्वार जमविले, आणि मग त्यांची गणना सरदारांत होऊ लागली. श्रद्धावंतांनी ही कथा श्रद्धेने ऐकावी. आम्हास त्या कथेतला पुढचा भाग अधिक मोलाचा वाटतो. धन सापडल्यावर त्या घरात प्रथम काय झाले, तर बखरींच्या सांगण्याप्रमाणे देवालयाचा जीर्णोद्धार झाला आणि यात्रेकरूंसाठी पाणी झाले. वाडा आणि दागदागिने यांची वर्णने तेथे सापडत नाहीत. धन देवीने दिले असो वा तलवारीने मिळविले असो, ते कोठे गेले यावरून माणसाची पारख होते.

घृष्णेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार मालोजी व विठोजी या बंधूंनी सोळाव्या शतकाच्या अखेरीस केला. ज्या काळात नवे शिखर उभारणे हेच धाडसाचे होते, त्या काळात दौलताबादच्या किल्ल्यापासून थोड्याच अंतरावर या पाटलाच्या पोरांनी ज्योतिर्लिंगाचे घर पुन्हा नीट केले. पुढे काळाच्या ओघात तेही काम जीर्ण झाले, आणि अठराव्या शतकात होळकर घराण्याने लाल पाषाणाचे आजचे सुंदर मंदिर बांधविले. कोणी त्याचे श्रेय मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंस देतात, कोणी पुण्यश्लोक अहिल्यादेवींस. सासूसुनांमध्ये ते वाटून घेण्यास आमची हरकत नाही. वाचकांनी ध्यानात ठेवलेले होळ गाव ते हेच. नीरेच्या एका तीरावरच्या निंबाळकरांचा जावई वेरूळच्या शंकराचे मंदिर उभे करतो, आणि दीडशेहून अधिक वर्षांनी त्याच नीरेकाठच्या होळकरांची सून तेच मंदिर पुन्हा बांधते. वेरूळ कोठे आणि नीरा कोठे! परंतु या नदीचे व त्या ज्योतिर्लिंगाचे काही ऋणानुबंध असावेत खरे.

आता शिखर शिंगणापूर. मालोजीराजांच्या जीवनातील सर्वांत मोठे कार्य कोणते असे आम्हास कोणी विचारले, तर आम्ही त्यांची एकही लढाई सांगणार नाही. आम्ही शिखरीच्या तळ्याकडे बोट दाखवू.

शंभू महादेव हे भोसल्यांचे कुलदैवत, आणि महाराष्ट्रातील असंख्य कुळांचेही. सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यात, ज्या डोंगररांगेला देवाचेच नाव मिळाले आहे त्या रांगेच्या शिखरावर हे स्थान वसले आहे. गाभाऱ्यात शिव व शक्ती यांची दोन लिंगे शेजारी शेजारी आहेत. चैत्र शुद्ध प्रतिपदेपासून येथे यात्रा भरते. अष्टमीस देवाचे लग्न लागते. शंभू महादेवाच्या शिखरापासून बळीच्या देवळापर्यंत लांबच लांब पागोट्याचा ध्वज बांधला जातो. द्वादशीस कावडी येतात. सासवडहून येणारी भुतोजी तेल्यांची मानाची कावड कऱ्हेचे पाणी घेऊन, नीरा ओलांडून, मुंगी घाटाच्या उभ्या कड्याने वर चढते. माणसांनी एकमेकांच्या हातांची साखळी करून ती कावड वर घेतलेली ज्याने पाहिली आहे त्याला त्या दृश्याचा विसर जन्मभर पडणार नाही. देवाला वाहण्यासाठी इतक्या दुरून पाणी आणावयाचे, ही भक्ती. परंतु त्यातच या भूमीचे दुःखही लपलेले आहे. माणदेश हा पर्जन्यछायेतला मुलूख. चैत्राचे ऊन, कातळाचा डोंगर आणि खाली कोरडे ओढे. हजारो माणसे, त्यांची लेकरे, त्यांचे बैल, सारे त्या उन्हात डोंगरावर जमत, आणि पिण्यास पाणी नसे. देवाचा अभिषेक होई, पण भक्ताचा घसा कोरडा राही.

शिवछत्रपतींच्या आज्ञेवरून संस्कृत काव्य रचणारे कवींद्र परमानंद यांनी शिवभारतात मालोजीराजांचे हे कार्य गौरवाने नोंदविले आहे. बखरकारांनीही ते विसरलेले नाही. यात्रेतले हे हाल पाहून मालोजीराजांनी शिखरी मोठे तळे बांधविले. लोक त्याला पुष्कर तीर्थ म्हणून ओळखतात. इ.स. १६०० च्या सुमाराचे हे काम. डोंगरावर तळे बांधणे म्हणजे काय याचा विचार वाचकांनी क्षणभर करावा. चोहोकडचे उताराचे पाणी जेथे आपोआप येते अशी खोलगट जागा आधी हेरावी लागते. मग बांध घालावयाचा, त्यावर दगड बसवावयाचा, आणि पहिल्याच मोठ्या पावसात सारे वाहून जाणार नाही अशी सांडीची वाट ठेवावयाची. चुना, दगड, माणसे आणि जनावरे सारे वर न्यावयाचे, आणि काम करणाऱ्यांना काम चालू असता पिण्यास पाणी खालून आणावयाचे. एका पावसाळ्यात तळे भरले नाही, तर पुढच्या पावसाळ्याची वाट पाहावयाची. असे काम एखाद्या सरदाराच्या लहरीने होत नाही, त्यासाठी अनेक ऋतू मन एकाच गोष्टीवर ठेवावे लागते. आणि हे मन ज्या वर्षांत स्थिर राहिले ती वर्षे कोणती? मोगलांनी अहमदनगरला वेढा घातला ते १५९५ साल, चांदबिबीने किल्ला लढविला ते दिवस, आणि १६०० मध्ये तोच किल्ला पडला ती घटका. ज्या राज्याची चाकरी होती ते राज्य डोळ्यांदेखत कोसळत होते, आणि मालोजीराजे यात्रेकरूंच्या पाण्याची व्यवस्था लावीत होते.

राजांना दीर्घकाळ पुत्रसंतान नव्हते. उमाबाईंनी नवस केले, व्रते केली. शंभू महादेवाची आराधना तर नित्याची होतीच. अहमदनगरचे पीर शहा शरीफ यांच्याकडेही नवस बोलला गेला, आणि जे दोन पुत्र झाले त्यांची नावे कृतज्ञतेने शहाजी व शरीफजी अशी ठेवली गेली. कट्टर शिवभक्ताच्या घरात पिराचे नाव कसे, असा प्रश्न काही वाचक आम्हास विचारतात. परंतु ज्या आईची कूस वर्षानुवर्षे रिती आहे तिला कोणत्या दारी हात जोडावेत हे कोणी शिकवावे? आणि जे नवसाने मिळाले त्याची जाण नावात ठेवणे यात शिवभक्ती कोठे उणावली? या नावांचा मालोजीराजांना कधी संकोच वाटला नाही, तो आपण का बाळगावा हे आम्हास कळत नाही.

शहाजींच्या विवाहाची कथा घरोघरी ठाऊक आहे, म्हणून ती थोडक्यात सांगतो. सिंदखेडास लखुजी जाधवरावांच्या वाड्यात रंगपंचमीचा सण होता. लहानगा शहाजी व लहानगी जिजाऊ एकमेकांवर गुलाल उधळू लागली. लखुजींनी कौतुकाने हा जोडा शोभतो अशा अर्थाचे काही म्हटले, आणि मालोजींनी भरसभेत उठून तो शब्द सोयरिकीचा मानला. देवगिरीच्या यादवांचा वारसा सांगणाऱ्या घरातील स्त्रियांना पाटलाचे घर पसंत नव्हते. बोलाचाली झाली, मालोजींनी सिंदखेड सोडले. बखरकारांनी यापुढे कथेत अनेक रंग भरले आहेत, ते आम्ही येथे सोडून देतो. मालोजींचा दर्जा वाढला, मनसब मिळाली, पुणे व सुपे हे परगणे जहागिरीस आले, आणि १६०५ च्या सुमारास निजामशाही दरबाराच्या संमतीने शहाजी व जिजाऊ यांचा विवाह झाला असे परंपरा सांगते. बारामती तालुक्यातील सुपे ते हेच. पुढे शिवाजीराजांना स्वराज्याच्या आरंभी जी वडिलार्जित भूमी पायाखाली मिळाली ती आजोबांच्या या जहागिरीतून. पुण्याचा पाया शहाजीराजांनी सांभाळला व महाराजांनी त्यावर स्वराज्य उभे केले, परंतु पहिली सनद मालोजींच्या नावची होती.

आणि आता इंदापूर. निजामशाहीच्या आज्ञेने मालोजीराजे इंदापूरच्या बाजूस लढाईस गेले आणि तेथे रणांगणी पडले. रूढ साल १६०६ आहे. काही अभ्यासक ही घटना १६२० पर्यंत पुढे नेतात. परमानंदांनीही इंदापूरच्या लढाईतील मृत्यूचा उल्लेख केला आहे. शहाजी व शरीफजी अजून अल्पवयीन होते. विठोजींनी वहिनीस धीर दिला, पुतण्यांस पोटच्या पुत्रांप्रमाणे वाढविले, आणि जहागीर पुतण्यांच्या नावे राखली. स्वतःचे आठ पुत्र असलेल्या दिराने हे करावे, ही त्या काळात सोपी गोष्ट नव्हती. भाऊबंदकीने बुडालेली घराणी आपल्या इतिहासात मोजता येणार नाहीत इतकी आहेत. विठोजींचे नाव कोणी घेत नाही. आज घ्यावेसे वाटले म्हणून घेतले.

काही वर्षांपूर्वी आम्ही वडगाव निंबाळकरहून निघून, बारामतीमार्गे इंदापुरास गेलो होतो. आषाढात तुकोबांची पालखी याच वाटेने बारामतीहून पुढे जाते, आणि इंदापुरास रिंगण होते. परंतु आम्ही गेलो तेव्हा वारीचे दिवस नव्हते, रस्ता मोकळा होता. इंदापूर गावात उंचवट्यावर गढी आहे, तिला लोक मालोजीराजांची गढी म्हणतात. तटाची पडझड झालेली, मातीत अर्धे रुतलेले दगड, उन्हात वाळलेले गवत. भिंतीच्या कडेला एक म्हातारा शेळ्या राखीत बसला होता. गढी कोणाची असे विचारता त्याने राजांचे नाव घेताना हात जोडले, एवढे आम्हास पुरेसे झाले. याच तालुक्यात पळसदेवचे प्राचीन शिवमंदिर उजनीच्या जलाशयात बुडालेले आहे. दुष्काळी वर्षात पाणी ओसरले की त्याचे शिखर व मंडप वर येतात, आणि आसपासच्या गावची माणसे तेथे दर्शनास जातात. पाण्यात राहिलेले मंदिर पाहावयास दुष्काळ यावा लागतो, हा भीमेचा विचित्र न्याय आहे.

भोसल्यांची समाधिस्थाने एका जागी नाहीत, हे या कुळाचे वैशिष्ट्यच म्हणावे. मालोजीराजे पडले इंदापुरास, आणि त्यांच्या नावाची छत्री व गढीची जोती आहेत ती वेरूळास. धाकटा पुत्र शरीफजी १६२४ मध्ये भातवडीच्या रणात पडला. शहाजीराजांनी १६६४ मध्ये कर्नाटकात होदिगेरे येथे देह ठेवला, त्यांची समाधी तेथे आहे. जिजाऊसाहेब रायगडाच्या पायथ्याशी पाचाडास, आणि महाराज रायगडावर, जगदीश्वराच्या समोर. एका घराची माणसे जन्मभर घोड्यावर राहिली आणि जेथे घोडा थांबला तेथेच निजली. याउलट ज्या जाधवांच्या घरी मालोजींनी मानाची सोयरीक मागितली त्या लखुजींची समाधी सिंदखेडराजास आहे, आणि ती इतकी भव्य की पाहणारा स्तिमित होतो. परंतु त्या भव्यतेच्या तळाशी १६२९ सालची ती काळरात्र आहे. दौलताबादेस भर दरबारी निजामशहाने लखुजींस त्यांच्या दोन पुत्रांसह व नातवासह ठार करविले. ज्या दरबाराच्या चाकरीत मालोजींनी प्राण दिला त्याच दरबाराने त्यांच्या व्याह्यांचे रक्त सांडले. जिजाऊंनी सासरा व पिता असे दोघेही त्या एकाच चाकरीपायी गमावले. त्यानंतर वर्ष पुरते उलटण्यापूर्वीच, १६३० च्या फाल्गुनात, शिवनेरीवर शिवाजीराजांचा जन्म झाला.

मालोजीराजांच्या स्मृतीची खरी जागा मात्र आम्हास छत्रीत वा गढीत सापडली नाही. ती सापडली शिखरी. दर्शन आटोपून आम्ही तळ्याकाठी आलो तेव्हा दिवस कलला होता. काठावर एक कुटुंब उतरले होते. आजीने पदर डोक्यावर ओढून ओंजळभर पाणी घेतले, डोळ्यांस लावले, मागे वळून शिखराकडे पाहून अर्घ्य सोडले. तिच्या नातवाने तोवर दोन्ही पाय पाण्यात घातले होते. आजीने त्याला दटावले, मग स्वतःच हसली आणि त्याचे तोंड त्याच पाण्याने धुतले. वर देवळात सायंपूजेची घंटा सुरू झाली, आणि ती माणसे घाईने पायऱ्यांकडे निघाली.